साहेबांची पुतणी

दि. ६ मार्च

ती. सौ. काकूस,
सा. न. वि. वि.

तुझ्या नवऱ्याने मला पुन्हा नापास केलं. पत्राची सुरुवात अशी करू नये हे मला कळतं. आधी तब्येत विचारावी, मग हवापाणी. पण माझ्या डोक्यात दुसरं काही शिरायलाच तयार नाही. फोन केला असता, पण तुमचा फोन काकांच्या खुर्चीला चिकटलेला असतो आणि मला जे बोलायचंय ते सगळं त्यांच्याबद्दलच आहे.

आधी त्या हेल्मेटबद्दल सांगते, म्हणजे तुला माझी मनःस्थिती कळेल. बाबांच्या हेल्मेटचा पट्टा तुटलाय, म्हणून शिपायाने लायसन्सच्या परीक्षेसाठी कार्यालयाचं हेल्मेट दिलं. आतलं अस्तर काळंकुट्ट, तेलाने चिकट. कुणाकुणाच्या केसांचं तेल, कुणाकुणाचा घाम, आणि एका कडेला वाळलेला शेंबूड होता, खरंच सांगते. मी दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या लघवीच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवते, मला सहसा कशाचंच काही वाटत नाही. पण ते मी दोन बोटांनी धरून डोक्यात घातलं. श्वास रोखून मी गाडी चालू केली.

आणि तरीही गाडीने चांगला आठ काढला गं. त्या पांढऱ्या डब्यांमधून दोन्ही वळणं घेतली, एकही डबा हलला नाही, पाय टेकला नाही. माझ्या आधीच्या पोराने तर एक डबा आडवा केला होता, तो पास. काका आपल्या घरून आणलेल्या स्टुलावर घरून आणलेली पाण्याची बाटली घेऊन बसले होते. माझ्याकडे वरसुद्धा न बघता त्यांनी कागदावर लिहिलं, पाय टेकला, नापास. शेजारी शिपाई होता आणि ड्रायव्हिंग स्कूलचा तो ढेरपोट्या मालक होता. दोघे एकमेकांकडे बघून हसले. मागच्या वेळी मला वाटलं, असेल टेकला, आपल्याला कळलं नसेल. या वेळी माझी पक्की खात्री आहे.

तुला माहीत आहे मला लायसन्स कशासाठी हवंय. आमच्या डॉक्टरीणबाई घरोघरी जाऊन रक्त घेऊन येण्याची फेरी सुरू करतायत. आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरच्या म्हाताऱ्यांना लॅबपर्यंत येता येत नाही, त्यांच्याकडे मोटारसायकलवरून जायचं. सुई टोचायला माझ्याइतका हलका हात कुणाचा नाही, हे त्याच म्हणतात. पण एक एप्रिलपर्यंत माझ्याकडे पक्कं लायसन्स नसेल तर फेरी लॅबमध्ये लागलेल्या नव्या मुलाकडे जाईल आणि मी मागच्या खोलीत बाटल्या धूत बसेन, कायमची. एकदा बसले की तिथून कुणी उठवत नाही, हे मी आमच्या लॅबमधल्या मावशींकडे बघून शिकलेय.

काकांना एवढंच विचार, पाय टेकलेला त्यांनी पाहिला का. बाकी मला त्यांच्याकडून काही नको.

तुझ्यावरचा लोभ आहे तसाच आहे, घराच्या अर्ध्या भागापुरता.

तुझी,
भिंगरी

*

दि. १० मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दुपारी आलं आणि मी शिवणाच्या मशीनवर बसूनच वाचलं. कुणाच्या तरी पडद्याची शिवण वाकडी गेली, ती तुझ्या नावावर.

मी विचारलं. जेवण झाल्यावर, हात धुऊन येईपर्यंत थांबले आणि सरळ विचारलं, की पोरीचा पाय टेकला होता का. त्यावर तुझे काका म्हणाले की नियम सगळ्यांना सारखा. मी म्हटलं मी नियम विचारला नाही, पाय विचारलाय. मग ते म्हणाले की या महिन्यात अपघात फार वाढलेत. भिंगरे, मी या माणसाबरोबर इतकी वर्षं काढली. विचारलेलं सोडून दुसरंच सांगायला लागले की समजायचं.

शेवटी बाहेर आलं. तू गाडीवर बसलीस तेव्हा तो ड्रायव्हिंगचा शाळावाला शिपायाला म्हणाला होता की आज काय, घरचंच कार्य आहे, बघायला नको. काकांनी ते ऐकलं. त्यानंतर तू आठ काढलास की नव्वद, त्यांना काही दिसलं नाही. त्यांना फक्त ते दोघे दिसत होते.

मला खरं सांगू का, शिसारी आली. लाच घेणाऱ्यांची येते तशीच. यांचं सोवळं मला नवं नाही. पूर्वी मला मुलींच्या शाळेत शिवणाच्या बाईंची जागा मिळत होती. मुख्याध्यापकांचा मुलगा त्याच महिन्यात लायसन्सच्या परीक्षेला बसणार होता, म्हणून यांनी मला नाही म्हणायला लावलं. लोक काय म्हणतील. त्या मुलाने शेवटी अर्जही केला नाही, पण जागा गेली ती गेली. घरात येणाऱ्या पाहुण्याने आणलेलं फळसुद्धा हे परत करतात. आणि या सगळ्याची किंमत कुणी दिली ते बघ, यांनी कधीच नाही. गावात मात्र नाव आहे, साहेब धुतल्या तांदळासारखे. तांदूळ धुवायला पाणी कुणाचं, ते कोण विचारतं.

तू असं कर. शेजारच्या शहरातल्या कार्यालयात परीक्षा दे. हल्ली कुठेही देता येते. इथे हे एकटेच निरीक्षक, तिथे दुसरा माणूस आहे. कुणाची कोण हे आपण होऊन सांगू नकोस. सोबत सुती कापडाची टोपी शिवून पाठवतेय, हेल्मेटच्या आत घाल. दोन पाठवल्यात, एक धुवायला टाकलीस की दुसरी.

बाबांना म्हणावं, भावाशी भांडायला येऊ नका. भांडायचं झालं तर मी इथे आहे आणि मला जवळ पडतं.

घराच्या अर्ध्या भागावर लोभ ठेवतेस ते चाललंय, त्या भागाला सध्या तेवढं पुरतं.

तुझी,
काकू

*

दि. २१ मार्च

ती. सौ. काकूस,
सा. न. वि. वि.

टोपी उत्तम बसली. बाकी काहीच बसलं नाही.

मी पास झाले. आता आनंदाने उडी मारू नकोस, पुढचं वाच. त्या कार्यालयाच्या जिन्यात कोपरा न् कोपरा थुंकून लाल केलेला. मी कठड्याला हात न लावता वर गेले. मुतारीचा वास दुसऱ्या मजल्यापर्यंत येत होता आणि त्याच वासात लोक रांगेत उभे राहून डबे खात होते. मी मनाशी म्हटलं, असू दे, पंधरा मिनिटांचं काम आहे.

निरीक्षक आत पंख्याखाली. त्यांनी माझा अर्ज पाहिला, आडनावावर बोट ठेवलं आणि विचारलं की त्या साहेबांची कोण. मी आपण होऊन सांगितलं नव्हतं, पण विचारल्यावर खोटं बोलता आलं नाही. पुतणी म्हटलं. तो माणूस खुर्चीतून उठलाच. मला बसवलं, थंड मागवलं, आणि शिपायाला सांगायला लागला की यांचे काका म्हणजे देवमाणूस, आमच्या खात्याची इज्जत. मग कागद ओढला आणि सही केली. मी म्हटलं, गाडी खाली लावलीय, आठ बघा. तर हसून म्हणाला की त्यांच्या घरातल्या मुलीचं काय बघायचं, रक्तातच असणार.

काकू, मी रोज रक्त बघते. रक्तात काय असतं ते मला माहीत आहे. आठ काढता येणं त्यात नसतं.

मी खाली गेले आणि कुणी बघत नसताना त्या मैदानावर आठ काढायला लागले. हट्टाने. वाटलं, निदान मला तरी माहीत असू दे. आणि दुसऱ्या वळणावर माझा डावा पाय टेकला. नुसता बोटाने नव्हे, अख्खा तळवा. बुटाची टाच घासली गेली. मैदानावर चिटपाखरू नव्हतं. मी वर गेले, सांगायचंच असं ठरवून. तर ते फोनवर होते. त्यांनी हातानेच जा, जा अशी खूण केली, वर हसले, आणि मी आले निघून. लायसन्स परवा घरी आलं.

म्हणजे बघ. काकांकडे नीट चालवली तर नापास, कारण त्यांची पुतणी. तिकडे चुकले तर पास, कारण त्यांची पुतणी. मी गाडी चालवते हे या खात्यात कुणी अजून पाहिलेलंच नाही. बाबा गल्लीभर सांगत सुटलेत. डॉक्टरीणबाईंनी रक्ताच्या नळ्या ठेवायची थंड पेटीसुद्धा आणली आणि एक तारखेची पहिली फेरी माझ्या नावावर लावली. आणि मला ते लायसन्स हातात धरवत नाही. त्या हेल्मेटसारखं वाटतं, दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्याचं तेल लागलेलं. कपाटात कपड्यांखाली सरकवलंय.

हे पत्र काकांना वाचून दाखव. गाळू नकोस काही. त्यांच्या सोवळ्याचा बाजारभाव काय आहे ते त्यांनाही कळू दे.

लोभ कमी करू नकोस, सध्या मला माझाच पुरत नाहीये.

तुझी,
भिंगरी

*

दि. २५ मार्च

चि. भिंगरीस,
अ. आ.

तुझ्या काकूने तुझं पत्र मला उभं राहून वाचून दाखवलं. मी बसलो होतो. मधे दोनदा थांबून तिने माझ्याकडे पाहिलं.

मला पत्रं लिहिता येत नाहीत, अहवाल लिहिता येतात. म्हणून तसंच लिहितो. पहिल्या परीक्षेत तुझा डावा पाय दुसऱ्या वळणावर टेकला होता. ते मी पाहिलं आणि बरोबर लिहिलं. त्या वळणावर तू पुढच्या चाकाकडे बघतेस, म्हणून तोल जातो. नजर लांब ठेव. दुसऱ्या परीक्षेत पाय टेकला नव्हता. ते मी पाहिलं नाही, कारण मी तुझ्याकडे पाहत नव्हतो. मी खोटं लिहिलं. नोकरीत मी लिहिलेली ती पहिली खोटी नोंद, आणि ती मी प्रामाणिक दिसावं म्हणून लिहिली. हे तुझ्या काकूने मला समजावून सांगितलं. शब्द तिचे आहेत, मी फक्त मान्य करतो.

आता तिकडच्या परीक्षेबद्दल. मी वर कळवलं तर तुझं लायसन्स रद्द होईल आणि तुझी फेरी जाईल. तपास झाला तर इथल्या दोन्ही परीक्षांची नोंद निघेल, म्हणजे माझंही बाहेर येईल. मी कळवलं नाही तर कुणालाही काही कळणार नाही आणि एक तारखेला तू कामाला लागशील. नुकसान तुझं आहे, म्हणून काय करायचं ते तू सांग. तू म्हणशील तसं मी करीन.

कळावे. लोभाबद्दल मी काय बोलू.

तुझा,
काका

*

दि. २८ मार्च

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून पहिल्या अर्ध्यापर्यंत माझा राग निवळत आला होता. दुसऱ्या अर्ध्यात तुम्ही तो दुप्पट करून परत दिलात.

मी सांगू? मी का सांगू? काका, मला तुमचा राग आला होता तो नापास केल्याचा. आता जे वाटतंय त्याला राग म्हणत नाहीत. किळस म्हणतात. तुम्हाला इथेही हात स्वच्छ ठेवायचेत. मी गप्प बसा म्हटलं तर तुम्ही पुतणीसाठी गप्प बसलात. मी कळवा म्हटलं तर तुम्ही पुतणीच्या सांगण्यावरून कळवलंत. दोन्हीकडून तुम्ही मोकळे आणि निर्णय माझ्या गळ्यात. काकूलाही नोकरीच्या वेळी तुम्ही असंच म्हणाला असाल, तुझं तू ठरव, मला काय वाटतं ते तुला माहीतच आहे.

मी माझ्यापुरतं ठरवलंय आणि ते तुम्हाला विचारून नाही. काल डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. परीक्षा झालीच नाही, पाय टेकला, सही कशी झाली, सगळं. त्यांनी हातातली नळी स्टँडमध्ये ठेवली. मग म्हणाल्या की तू मूर्ख आहेस, आणि रक्ताच्या नळीवर चुकीचं नाव लावणारी माणसं मी पाहिलीत, तू त्यातली नाहीस, हेही खरं. फेरी नव्या मुलाकडे गेली. महिनाभर थांबते म्हणाल्या, त्यात खरं लायसन्स आलं तर बघू, नाहीतर ती त्याची. मी आज सबंध दिवस बाटल्या धुतल्या. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. त्यांनी गल्लीभर सांगून ठेवलंय ना, आता परत कसं घ्यायचं हा त्यांना प्रश्न पडलाय.

तुमचं तुम्ही ठरवा. पेन तुमचं आहे. मला आधी विचारू नका आणि नंतर कळवूही नका, मला काकू कळवील.

नमस्कार केलाय तो वयाला.

आपली पुतणी

*

दि. ९ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र यांनी स्वतः फोडलं, वाचलं, आणि घडी घालून खिशात ठेवलं. मला दाखवलंसुद्धा नाही. मी पॅंट धुवायला घेतली तेव्हा वाचलं. बरं लिहिलंस. नोकरीच्या वेळचे त्यांचे शब्द तू कुठून ऐकलेस, मला कळेना. जवळजवळ तेच होते.

दुसऱ्या दिवशी हे कुणालाही न सांगता मुख्य कार्यालयात गेले आणि लेखी देऊन आले. त्या शहरात परीक्षा न घेता सही झाली हेही, आणि इथे आपण खोटी नोंद केली हेही. संध्याकाळी आले ते दारातच बसले. चहा दिला तर घेतला, पण जिभेला चव नसल्यासारखा. मी विचारलं काय झालं, तर या वेळी मात्र विचारलेलंच सांगितलं.

आता पुढची घाण ऐक. तुझं लायसन्स रद्द झालं, ते तुला कळलंच असेल. त्या पंख्याखालच्या माणसाला काही झालं नाही, त्याला समज दिली म्हणे. यांना मैदानावरून काढून लायसन्सच्या वाटपखिडकीत बसवलंय. आणि गावात काय बोलतात माहीत आहे का? साहेबांनी पुतणीला दुसऱ्या शहरात चोरून पास करवलं आणि पकडले गेले. शिपायाने आणि त्या शाळावाल्याने दोघांनी मिळून पसरवलंय. ज्या दोघांना घाबरून यांनी तुला नापास केलं, तेच दोघे. लेखी दिलेलं कुणी वाचत नाही, ते कपाटात गेलं. भाजी आणायला गेले तर बायका माझ्याकडे बघून कुजबुजतात. मला ओकारी येते या लोकांची, भिंगरे. पण एक सांगते, यांची येत नाही आता. पूर्वी यायची, ती गेली.

मैदानावर नव्या निरीक्षकबाई आल्यात. आडव्या अंगाच्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांना कुणाचं आडनाव माहीत नाही आणि करून घ्यायचंही नाहीसं दिसतं. तू तुझा अर्ज इथेच कर. लांब पळून जाऊन काय मिळालं ते पाहिलंस. यांना मी सांगितलंय की त्या दिवशी खिडकीतून मान बाहेर काढायची नाही.

लोभाचं तुझं तू बघ. माझा आहे तो वाढतोय, कुठे ठेवावा कळत नाही.

तुझी,
काकू

*

दि. २४ एप्रिल

ती. सौ. काकूस,
सा. न. वि. वि.

काल तुमच्या गावात येऊन घरी न येता गेले म्हणून चिडू नकोस. लॅबमध्ये परत पोचायचं होतं, आणि कुणाशी बोलायच्या अवस्थेत मी नव्हते. तशीच गाडीवरून परत निघाले, बस.

तेच हेल्मेट, काकू. कुणी धुतलेलं नाही. वर आणखी कुणाचा तरी कोंडा. शिपायाने मला ते देताना मुद्दाम विचारलं की या वेळी साहेबांनी बोलणं केलंय ना. मी तुझी टोपी घातली आणि वर ते चढवलं. शाळावाला तिथेच होता, आपल्या पोरांच्या घोळक्यात, दात कोरत.

बाई उन्हात उभ्या होत्या, स्टूल नव्हतं. माझी गाडी निघाली तशा त्या चक्क वाकल्या, गुडघ्यावर हात टेकून, आणि माझ्या पायांकडे बघत राहिल्या. पहिलं वळण, दुसरं वळण, सबंध वेळ. कुणीतरी बघतंय हे मला इतकं नवं होतं की मधेच हसू यायला लागलं. मी नजर लांब ठेवली. पाय टेकला नाही. बाईंनी परत एकदा काढायला लावला, का ते सांगितलं नाही. परत काढला. मग त्यांनी विचारलं की क्लच एवढा कडक का ठेवलाय, दुरुस्त करून घे. आणि पास लिहिलं. माझं नाव त्यांनी त्यानंतर वाचलं.

तुमच्याकडे लायसन्स घरी न पाठवता त्याच दिवशी हातात देतात, ते घ्यायला खिडकीशी रांग होती. शाळावाल्याची पाच-सहा पोरं, तो स्वतः, आणि शिपाई तिथेच काहीतरी कागद देत-घेत होता. मला वाटलं होतं काका मान खाली घालून लायसन्स सरकवतील आणि मी ते घेऊन निघेन. मी तशी तयारीच करून गेले होते. नमस्कार करायचा नाही, बघायचं नाही.

माझा नंबर आला. काकांनी लायसन्स हातात घेतलं, पण दिलं नाही. चष्मा काढला. आणि मला विचारलं, पाय टेकला का. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, जसं मैदानावर विचारतात तसं. मी नाही म्हटलं. मग त्यांनी माझ्याकडे नाही, त्या शाळावाल्याकडे पाहिलं, आणि त्याच आवाजात म्हणाले की मार्चमध्येही टेकला नव्हता. त्या दिवशी हिने नीट आठ काढला होता आणि मी तुम्हा दोघांना घाबरून हिला नापास केलं होतं. माझ्या मागच्या पोरांना काही कळलं नाही, ती आपली पुढे ढकलत होती. शिपायाला कळलं. शाळावाला कोरणी तोंडात तशीच ठेवून उभा राहिला. मग काकांनी लायसन्स मला दिलं आणि पुढच्याला हाक मारली.

माझा राग गेला असं लिहिणार नाही, थोडा आहे. पण ती किळस वाटत होती ना, ती परतीच्या वाटेवर शोधली तर सापडली नाही.

सोमवारी माझी पहिली फेरी आहे. डॉक्टरीणबाईंनी पहिलं नाव दिलंय ते एका अंथरुणाला खिळलेल्या आजीचं, तिची शीर कुणालाच सापडत नाही म्हणतात. मला सापडेल.

काकांना नमस्कार सांग. वयाला नव्हे, त्यांनाच.

तुझी,
भिंगरी